वेबसाइट करायची आहे? आधी व्हॉट्सअ‍ॅप उघडा

वेबसाइट काढायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो खर्चाचा आणि दुसरा रंगाचा. मग ओळखीतला कोणीतरी तयार साचा आणतो: वर आपोआप सरकणारे फोटो, खाली 'आमच्याविषयी', 'आमचे ध्येय' आणि 'संपर्क'. पंधरवड्यात साइट उभी राहते आणि मग तिच्याकडे कोणी फिरकत नाही, मालकसुद्धा. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. साइट कोणासाठी आणि कशासाठी, हे कोणी ठरवलेलंच नसतं.

ते ठरवायला संगणक लागत नाही. वही, पेन आणि तुमचा फोन पुरे. उदाहरणासाठी देवगडचा एखादा छोटा आंबा बागायतदार घेऊ, जो मुंबई-पुण्याच्या घरांना थेट पेट्या पाठवतो. तुमचं काम होमस्टेचं, क्लासचं किंवा मसाल्यांचं असलं तरी क्रम हाच राहील.

१. एक वाक्य लिहा

कोण येणार, कशाच्या शोधात येणार आणि जाण्याआधी त्याने काय करायला हवं, हे तिन्ही त्या एका वाक्यात बसलं पाहिजे. "आमच्या बागेची माहिती सर्वदूर पोहोचावी" हे वाक्य कानाला बरं लागतं, पण त्यावरून काहीच ठरत नाही. आता हे बघा: "मुंबई-पुण्यातल्या कुटुंबाला आंबा खरा देवगडचा असल्याची खात्री पटावी आणि त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पेटी नोंदवावी." यातून लगेच कळतं की खात्रीसाठी पुरावा दाखवावा लागेल, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण ठळक हवं आणि पैसे स्वीकारणारं पूर्ण ऑनलाइन दुकान तूर्त नको. यूपीआय आहेच. हंगामात मोजक्या पेट्या विकणाऱ्याने सगळा ऑनलाइन बाजार मांडणं हा मला तरी फुकटचा भुर्दंड वाटतो.

२. गेल्या हंगामातले मेसेज वाचा

आपलं गिऱ्हाईक कसं आहे, याचा अंदाज बांधत बसू नका. त्याने तुम्हाला आधीच लिहून कळवलेलं असतं. मार्च ते मे या काळातले मेसेज उघडा आणि आलेले प्रश्न जसेच्या तसे, त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. साधारण असे सापडतील:

"दादा, पाच डझनाची पेटी कितीला?"
"आंबे तयार येतात का कच्चे?"
"खरंच देवगडचा ना? गेल्या वेळी फसलो."
"साका निघाला तर बदलून देता का?"
"अक्षय तृतीयेच्या आधी पनवेलला पोचेल?"

सारखे प्रश्न एकत्र करा आणि प्रत्येकापुढे रेघा मारत जा. ज्या प्रश्नापुढे सर्वांत जास्त रेघा, त्याचं उत्तर पहिल्या पडद्यावर. फोनवर येणारे प्रश्न घरात बहुधा दुसरंच कोणी ऐकतं; त्यांनाही विचारा.

३. माणसं वेगळी करा

आंबा घेणारे सगळे सारखे नसतात. घरी खायला पेटी मागवणारा एक. दिवाळीसारखी आंब्याचीही भेट वाटणारी कंपनी दुसरी. तिला बिल हवं असतं आणि अनेक पत्त्यांवर पोच. दुबईत बसून पुण्यातल्या आईबाबांकडे पेटी पाठवणारा मुलगा तिसरा, त्याच्या बाबतीत पैसे देणारा आणि आंबा घेणारा वेगळा. निर्यातदार तर पूर्ण वेगळ्या जगातला. अमेरिकेला आंबा पाठवायचा तर विकिरण प्रक्रिया (किडीच्या बंदोबस्तासाठी आंब्यावर किरण सोडणं) करावी लागते, त्यामुळे तो कागदपत्रांबद्दल विचारेल, पेंढ्यात आंबा कसा ठेवायचा हे नव्हे.

या सगळ्यांना एकाच पानावर बोलावलं की कोणाचंच धड भागत नाही. मुख्य पान एकाला द्या. इथे ते घरगुती गिऱ्हाइकाचं. कंपन्यांसाठी एक छोटं वेगळं पान पुरेल. निर्यात करतच नसाल तर तो शब्द साइटवर मिरवू नका.

४. प्रश्नांची पानं करा

खरा वेळ इथे घालवा. साक्याचाच प्रश्न घ्या. हापूस वरून देखणा दिसतो, वासही सुटलेला असतो आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर निघतो. बाहेरून तो ओळखता येत नाही, हे बागायतदाराला ठाऊक असतं; चेंबूरच्या गिऱ्हाइकाला मात्र आपण फसलो असं वाटतं. बहुतेक जण साइटवर हा विषयच काढत नाहीत. मी तर त्यासाठी स्वतंत्र पान ठेवीन: साका म्हणजे काय, फोटो, आणि आंबा कापल्यावर असा निघाला तर काय करायचं. "फोटो पाठवा, तेवढे आंबे पुढच्या पेटीत देऊ" किंवा जो काही तुमचा खरा नियम असेल तो. "गुणवत्तेशी तडजोड नाही" असं दहा वेळा लिहून जो विश्वास बसत नाही, तो या एका पानाने बसतो.

'खरा देवगड कशावरून?' याचंही तसंच. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे माल त्याच भागातला असल्याची कायदेशीर ओळख, मिळालं. त्याखाली तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर क्रमांक दराच्या शेजारीच द्या, तळाशी बारीक अक्षरांत नको. गावाचं नाव लिहा, बागेचा याच वर्षीचा फोटो लावा. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत आंबा लावलात तर फसलेलं गिऱ्हाईक तो बरोबर ओळखतं.

कच्चे आंबे पिकवायचे कसे, हे चार ओळींत सांगा: खोक्यातून काढून पेंढ्यावर पसरा, रोज हात फिरवून बघा, तयार झालेले आधी खा, कच्चे फ्रीजमध्ये ठेवू नका. याच पानाचा दुवा प्रत्येक ऑर्डरबरोबर पाठवता येतो, म्हणजे तेच तेच टाइप करणं वाचतं.

'आमच्याविषयी' शेवटी लिहा. आजोबांनी लावलेली कलमं जरूर येऊ देत, पण दर सांगून झाल्यावर.

५. भाषा, अक्षरं, फोन

मराठी की इंग्रजी, हेही मेसेजच सांगतील. निम्मे इंग्रजीत येत असतील तर दोन्ही ठेवा, पण मग दोन्हीकडचे दर एकाच दिवशी बदलायची तयारी हवी. मराठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करून घ्या. छपाईच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला की वाचणाऱ्याला अगम्य चिन्हं दिसतात आणि गुगललाही तो मराठी म्हणून कळत नाही.

कागदावर फोनएवढा उभा चौकोन काढा आणि त्यात पहिल्यांदा दिसणाऱ्या गोष्टी मांडा: आजचा दर, पेटीचा आकार, कुठे कुठे पोच, बटण. एवढं बसत नसेल तर सरकणारे फोटो काढून टाका. फोनमधला फोटो कित्येक एमबींचा असतो. तो लहान करूनच चढवा, नाहीतर लोकलमध्ये बसलेल्या माणसाला पान उघडेपर्यंत ठाणं येईल.

६. कोणाकडून करून घेताना

ही वही साइट करून देणाऱ्यापुढे ठेवा. डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट जिथे ठेवतात ती भाड्याची जागा) तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर घ्या. करून देणाऱ्याच्या नावावर राहिलं तर पुढच्या वर्षी त्याच्या मागे फिरावं लागतं. दर तुम्हाला स्वतःला बदलता आले पाहिजेत, कारण पाडव्याचा भाव मे महिन्यात राहत नाही.

साइट तयार झाली की धंद्याशी संबंध नसलेल्या शेजारणीच्या हातात फोन द्या आणि सांगा, "दोन पेट्या ठाण्याला मागवायच्यात." मध्ये बोलू नका. ती जिथे थांबेल ती जागा दुरुस्त करा.

७. जूनचं काय?

हंगाम संपला की साइटचा हेतूही बदलतो, म्हणून हेही वहीत आधीच लिहून ठेवा. जूनमध्ये दर काढून टाकायचे आणि 'यंदाचा आंबा संपला' असं स्पष्ट लिहायचं. आंबापोळी, आमरस असेल तर तो वर आणायचा. नोंदणीच्या बटणाच्या जागी 'पुढच्या हंगामात कळवा' येईल. नंबर देणाऱ्याला त्यावर फक्त आंब्याचेच मेसेज येतील, सुप्रभात नाही. मोहोर आला की जानेवारीत पहिला फोटो टाका आणि त्या यादीतल्या लोकांना पहिल्या काढणीचा अंदाज कळवा.