आफ्रिकेतील गावात शाळा बांधायला जायचे असेल तर

युगांडा, केनिया किंवा मलावीतील एखाद्या गावात शाळेच्या बांधकामासाठी स्वयंसेवक म्हणून जावे, असे सातारा-सांगली भागातील ज्यांच्या मनात आहे, त्यांनी तिकिटाची चौकशी करण्याआधी ही शाळा नेमकी कोणी मागितली आहे, हे विचारून घ्यावे. मलावीने १९९४ मध्ये, युगांडाने १९९७ मध्ये आणि केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शाळांचे शुल्क रद्द केले, तेव्हा पटसंख्या एकदम वाढली आणि वर्गखोल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या; त्यामुळे खोल्यांची गरज खरी आहे, यात शंका नाही. तरीही शिक्षक कोण नेमणार, त्याचा पगार कोण करणार, जमीन कोणाच्या नावावर आहे आणि वादळात पत्रे उडाले तर ते कोण बसवणार, हे ठरलेले नसेल तर नव्या इमारतीला कुलूप लागायला वेळ लागत नाही. म्हणून यजमान संस्थेकडून गावाच्या शाळा समितीचे पत्र, जमिनीचे कागद आणि तिथल्या शिक्षण खात्याची परवानगी मागून घ्यावी. जी संस्था याऐवजी हसऱ्या मुलांचे फोटो पाठवते, तिचा नाद सोडलेला बरा.

गावाने स्वतः काय देऊ केले आहे, हेही पाहावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि तिचा पसारा लोकवर्गणी, मुष्टिफंड व विद्यार्थ्यांच्या श्रमांवर उभा केला, हे इकडच्या वाचकाला सांगायला नको. तिकडेही ही रीत नवी नाही. स्वातंत्र्यानंतर केनियात लोकांनी वर्गणी व श्रमदानातून गावोगावी ‘हरांबे’ शाळा उभारल्या. बुर्किना फासोतील गांडो गावची प्राथमिक शाळा २००१ मध्ये पूर्ण झाली, ती त्याच गावच्या फ्रान्सिस केरे या वास्तुरचनाकाराने गावकऱ्यांना हाताशी धरून बांधली. पुढे २०२२ मध्ये त्यांना वास्तुरचनेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. गाव दगड, वाळू, पाणी किंवा मजूर यांपैकी काहीच देत नसेल, तर ती शाळा गावाची नसून देणगीदाराची आहे, असे खुशाल समजावे.

आता कामाचे. ज्याने कधी ओळंबा धरला नाही, त्याने तिथे जाऊन भिंत रचू नये. तिथल्या गवंड्याला काम हवे असते, आणि हौशी हातांनी वाकडी रचलेली भिंत त्यालाच उतरवून पुन्हा बांधावी लागते. आपल्या विमानभाड्यात त्याची किती दिवसांची मजुरी निघते, हा हिशेब एकदा कागदावर मांडावाच. तो पाहून काहींना जाण्यापेक्षा पैसे पाठवणे योग्य वाटेल आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. ज्यांनी खरोखर जावे असे मला वाटते, ते म्हणजे साइटवर वावरलेले अभियंते, वायरमन, प्लंबर आणि मालाचा हिशेब चोख ठेवणारे लोक.

पूर्व आफ्रिकेत भाजक्या विटांसाठी लाकूड फार जळते, म्हणून अनेक ठिकाणी लाल मातीत थोडे सिमेंट मिसळून हातयंत्राने दाबलेले, न भाजलेले ठोकळे वापरतात. इथे मातीची पारख हाच सगळ्यात मोठा हुन्नर आहे. काचेच्या बाटलीत माती व पाणी घालून जोराने हलवावे आणि बाटली रात्रभर ठेवून द्यावी; तळाशी वाळू, मधे गाळ आणि वर चिकणमाती असे थर दिसतात व त्यावरून वाळू घालावी लागेल का, ते कळते. सिमेंटचे प्रमाण साधारण ५ ते १० टक्के असते. मिश्रणाचा मुठीत दाबून केलेला गोळा खांद्याच्या उंचीवरून कठीण जमिनीवर टाकावा: त्याचे चार-पाच तुकडे झाले तर ओल बरोबर आहे, भुगा झाला तर पाणी कमी आहे आणि गोळा नुसताच चपटा झाला तर पाणी जास्त झाले आहे. सिमेंट पडल्यावर कालवलेला माल तासाभरात संपवावा. ठोकळे सावलीत प्लॅस्टिकखाली झाकून किमान आठवडाभर ओले ठेवावेत आणि भिंतीत घालण्यापूर्वी एकूण चार आठवडे मुरू द्यावेत. घाई नेमकी याच टप्प्यावर होते, कारण परतीची तारीख ठरलेल्या पाहुण्यांना भिंत उभी राहिलेली पाहायची असते. ठोकळे आधी पाडून घेऊन मगच आपला मुक्काम ठरवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

अशा भिंतीला दगडी जोते आणि लांब पागोळ्या हव्यातच. गांडोच्या शाळेत पत्र्याचे छत खालच्या विटांच्या छतापासून उचलून घेतले आहे, त्यामुळे मधून वारा खेळतो व वर्ग तापत नाही. ही युक्ती उचलण्यासारखी आहे. वीजरोधकाचा खर्च वाचवू नये. युगांडातील किर्यांडोंगो जिल्ह्यात २०११ मध्ये एका शाळेवर वीज पडून १८ विद्यार्थी दगावले होते. मुलींसाठी स्वतंत्र शौचालय आणि पन्हळीचे पाणी साठवणारी टाकी मूळ अंदाजपत्रकातच धरावी. मागाहून त्यासाठी पैसे निघत नाहीत.

विषुववृत्ताजवळच्या बऱ्याच भागांत मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असे दोन पावसाळे असतात. म्हणजे आपल्याकडे कोयनेत पाऊस कोसळत असतो, त्या जून ते ऑगस्ट महिन्यांत तिकडे बहुतेक ठिकाणी काम करता येते, आणि तासगावच्या द्राक्षबागायतदारालाही ऑक्टोबर छाटणी चुकवावी लागत नाही. मलावीत पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो.

विनामोबदला कामालाही अनेक देश कामच समजतात, त्यामुळे पर्यटक व्हिसावर जाऊन फावडे हाती घेऊ नये. योग्य परवाना यजमान संस्थेने काढून द्यायला हवा. मुलांमध्ये वावरायचे असल्याने पोलीस पडताळणीचा दाखला संस्थेने मागितला नाही तरी जवळ ठेवावा, आणि पालक व शिक्षकांच्या संमतीशिवाय मुलांचे फोटो काढू नयेत.

युगांडा व केनियासाठी पीतज्वराची लस मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी. तिचे प्रमाणपत्र टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होते, आणि ते नसेल तर भारतात परतल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वी सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्या लागतात. बरे वाटते म्हणून त्या मधेच सोडू नयेत. तिकडचा हिवताप बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतणारा असतो. परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर तो अंगावर न काढता कराड, सांगली किंवा मिरजेत जिथे जाल तिथे, डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता, आपण आफ्रिकेतून आलो आहोत हे आधी सांगावे आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.