किट कारचे स्टिअरिंग सरळ कसे झाले

इंग्लंडमध्ये सुट्या भागांच्या संचातून घरी जुळवलेली माझी दोन आसनी किट कार 'आयव्हीए' तपासणीत (रस्त्यावर आणण्याआधी एकेका गाडीला मंजुरी देणारी सरकारी तपासणी) पहिल्या खेपेस नापास झाली, कारण वळणानंतर सैल सोडलेले स्टिअरिंग आपणहून मध्यावर येत नव्हते. पुढच्या चाकांच्या वरच्या विशबोनमागील (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या त्रिकोणी भुजेमागील) वॉशर काढून मी ते पुढच्या बाजूस बसवले. त्यामुळे वरचा सांधा मागे सरकून कॅस्टर कोन (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकाव; तो वाढला की स्टिअरिंग मध्यावर यायला मदत होते) वाढला, आणि दोरी ताणून चाकांची दिशाही पुन्हा जुळवली. याच तपासणीसाठी गाडीच्या बाहेरच्या अंगाला 100 मिलिमीटर व्यासाचा गोळा टेकेल तिथली कड किमान 2.5 मिलिमीटर त्रिज्येची गोलाकार असावी लागते, म्हणून आरशाच्या ब्रॅकेटवर (तो मीच हौसेने बनवला होता!) अख्खी दुपार कानस चालवली. फेरतपासणीत स्टिअरिंग आपणहून मध्यावर परतले.