पगारातून व्यवसाय कर कापताना: महाराष्ट्रातल्या मालकांसाठी

महाराष्ट्रात माणसं पगारावर ठेवली की पीएफ, ईएसआय, टीडीएस या केंद्राच्या कपातींसोबत राज्याचाही एक कर येतो. तो म्हणजे व्यवसाय कर, रोजच्या बोलण्यातला पीटी. १९७५ च्या राज्य कायद्याने तो लागू झाला. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमामुळे कोणाही एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. रक्कम लहान असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी हिशेब ढिला राहतो आणि तिथेच मालक अडकतात. पगारातून कर कापला असो वा नसो, तो भरायची जबाबदारी कायद्याने मालकावरच टाकली आहे. ऑगस्टमध्ये नोकरी सोडून गेलेला माणूस मार्चमध्ये पैसे आणून देत नाही, ते तुमच्याच खिशातून जातात.

आधी दोन क्रमांकांचा घोळ मिटवू. पीटीआरसी म्हणजे मालक म्हणून केलेली नोंदणी. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर या क्रमांकावर भरायचा. पीटीईसी म्हणजे स्वतःच्या व्यवसायाचा कर, वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत. कंपनीचा वेगळा, संचालकाचा वेगळा. पीटीआरसी क्रमांक २७ ने सुरू होतो, पीटीईसी ९९ ने. चलन काढताना पहिले दोन आकडे वाचायची सवय लावा. एका क्रमांकाचे पैसे दुसऱ्यावर गेले तर खात्यात थकबाकी तशीच दिसते आणि ते निस्तरायला अर्ज-विनंत्या कराव्या लागतात.

कर लागू होईल एवढ्या पगाराचा एक जरी कर्मचारी असला तरी ३० दिवसांत राज्य जीएसटी विभागाच्या महाजीएसटी पोर्टलवर पीटीआरसीसाठी अर्ज करावा लागतो. पॅन, पत्त्याचा पुरावा आणि बँकेचा तपशील हाताशी ठेवा. नव्या कंपन्यांची नोंदणी आता कंपनी स्थापनेच्या अर्जासोबतच होते. त्यामुळे क्रमांक आधीच मिळालेला आहे का ते पाहा, दुसरा अर्ज टाकू नका. नोंदणीला उशीर झाला तर मालकाला दिवसाला ५ रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून जड पडतो तो मागचा सगळा कर आणि त्यावरचं व्याज.

आता दर. पुरुष कर्मचाऱ्याला महिन्याला ७,५०० रुपयांपर्यंत कर नाही. ७,५०१ ते १०,००० पर्यंत १७५ रुपये. त्यापुढे २००, आणि फेब्रुवारीत ३००. अकरा महिने २०० आणि एक महिना ३०० मिळून बरोबर २,५०० होतात. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत कर नाही; त्यापुढे तेच २००, फेब्रुवारीत ३००. आधी ही मर्यादा १०,००० होती आणि जुन्या एक्सेल शीटमध्ये ती अजूनही बसलेली सापडते. २२,००० पगाराच्या बाईंचे दरमहा २०० कापले जात असतील तर आजच थांबवा.

टप्पा ठरतो तो त्या महिन्याच्या एकूण पगारावर. नुसता बेसिक धरायचा नाही, हातात पडणारी रक्कम नाही आणि सीटीसी, म्हणजे मालकाला पडणारा एकूण खर्च, तोही नाही. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, नियमित मिळणारा इन्सेन्टिव्ह सगळं धरायचं. बोनस आणि ग्रॅच्युइटी सोडायची. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला एकदा आकडा टाकून मोकळं होता येत नाही. एरवी १२,००० घेणाऱ्याची बिनपगारी रजा झाली आणि त्या महिन्याचा पगार ९,८०० निघाला, तर कर १७५. जानेवारीत रुजू झालेल्याचेही फेब्रुवारीत ३०० कापायचे.

एक हिशेब मांडून बघा. दुकानात अर्धवेळ येणारे तीन पुरुष, प्रत्येकी ९,२००. पूर्णवेळ चार पुरुष, प्रत्येकी १८,०००. दोन महिला २२,००० वर आणि एक ३१,००० वर. महिन्याचा कर: ५२५ अधिक ८०० अधिक शून्य अधिक २००, म्हणजे १,५२५. फेब्रुवारीत अर्धवेळवाल्यांचे ५२५ तसेच राहतात, कर लागणाऱ्या बाकीच्या पाच जणांचे १,५०० होतात, एकूण २,०२५. वर्षाचे १८,८००.

हा वार्षिक आकडा महत्त्वाचा. मागच्या वर्षीचा कर एक लाखाच्या आत असेल तर विवरणपत्र वर्षातून एकदा, मार्चमध्ये. एक लाख किंवा जास्त असेल तर दरमहा. नव्या नोंदणीला पहिल्या वर्षी दरमहाच भरावं लागतं. विवरणपत्रात आदल्या महिन्याचा पगार येतो, म्हणून वार्षिक विवरणपत्र मार्च ते फेब्रुवारी असं धावतं. एप्रिल ते मार्च धरणाऱ्यांचा ताळमेळ इथेच बिघडतो. विवरणपत्र वार्षिक असलं तरी कपात मात्र दरमहाच करायची आणि ती रक्कम बाजूला ठेवायची.

क्रम असा: हजेरीपटावरून पगारपत्रक पक्कं करा, टप्प्याटप्प्याने माणसं मोजा, पोर्टलवरून चलन काढून पैसे भरा, मग विवरणपत्राची, म्हणजे ३-बी नमुन्याची, फाइल भरून, तपासून अपलोड करा. चलनावर कालावधी चुकीचा निवडला जाणं ही नेहमीची चूक. पैसे भरायच्या आधी ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ दोन्ही तारखा बघा. शेवटची तारीख त्या-त्या वर्षी पोर्टलवरच तपासा. विवरणपत्राची मुदत चुकली तर १,००० रुपये विलंब शुल्क, मुदतीनंतर ३० दिवसांच्या आत भरलं तर २००. कर उशिरा भरला तर महिन्याला सव्वा टक्क्यापासून व्याज सुरू होतं आणि उशीर वाढेल तसं दोन टक्क्यांपर्यंत जातं.

कोणाचा कापायचा नाही? ६५ वर्षांवरचे, ४० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व असलेले, मतिमंद मुलांचे पालक. दाखल्याची प्रत फाइलमध्ये लावा. कोणी दुसऱ्या नोकरीत किंवा स्वतःच्या पीटीईसीवर कर भरत असेल तर त्याच्याकडून तसं लेखी प्रमाणपत्र घ्या, तोंडी सांगणं पुरत नाही.

माणूस ज्या राज्यात काम करतो तिथला नियम लागतो. गोव्यात हा कर नाही. बेळगावच्या शाखेतल्या माणसाला कर्नाटकाचे दर आणि तिथली वेगळी नोंदणी. महाराष्ट्रातल्या पीटीआरसी क्रमांकावर त्याचा कर भरता येत नाही.

पाच किंवा जास्त माणसं असतील तर जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधीही कापावा लागतो: कामगाराचे २५, मालकाचे ७५. तो पीटीच्या चलनात घालू नका, त्याचा भरणा कामगार कल्याण मंडळाकडे होतो.