भिंत न ओळखता ठोकलेली फळी: शोकेस लावताना या चुका टाळा

फळी कोसळून बोन चायनाचे कप फुटले की लोक नवी फळी आणतात आणि त्याच जागी पुन्हा ठोकतात. जुनी उचलून बघा, बहुतेक वेळा ती शाबूत असते. सुटलेला असतो तो भिंतीतला स्क्रू.

पूड न बघता भोक पाडणं

मुंबईतल्या एकाच फ्लॅटमध्ये वीट, एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) आणि काँक्रीट असं तिन्ही सापडू शकतं. ड्रिलखाली कागद धरा. पहिले १५-२० मिमी करडी पूड पडते ती प्लास्टरची. तिच्यावर भरवसा नको. पुढे लाल पूड आली तर वीट. पांढुरकी, पिठासारखी आली आणि बिट लोण्यात शिरल्यासारखा आत गेला तर एएसी. करडीच राहिली आणि ड्रिल पुढे सरकेना, तर काँक्रीट.

सुतार सवयीने ३५ मिमीचा स्क्रू मारतो. ब्रॅकेटची जाडी आणि प्लास्टर वजा केलं तर विटेत जेमतेम १२-१५ मिमी उरतात. चहाच्या कपांना चालेल, पितळी मूर्तींना नाही. विटेत ८ मिमीची गिट्टी (भोकात बसवून स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) आणि ६० मिमीचा स्क्रू घ्या. लाल पूड मध्येच करडी झाली तर बिट विटांच्या सांध्यात गेलाय, भोक ३-४ सेंमी सरकवा. एएसीमध्ये ड्रिलचा हॅमर मोड बंद हवा, नाहीतर भोक गिट्टीपेक्षा मोठं होतं. तिथे एएसीसाठीची लांब नायलॉन गिट्टी किंवा केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून बसवलेला बोल्ट) लागतो. जुन्या चाळीतल्या लाकडी पार्टिशनवर फळी लावायचीच असेल तर आतल्या उभ्या दांड्यात स्क्रू गेला पाहिजे. नुसत्या तक्त्यात नको.

आणि पश्चिमेची बाहेरची भिंत शक्यतो सोडाच. पावसाळ्यात ओल येते, प्लास्टर सुटतं, पोपडे धरतात. बोटाने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर तिथे काहीच टांगू नका.

एल ब्रॅकेट उलटा लावणं

ही चूक घरोघरी दिसते. लांब बाजू फळीखाली आणि आखूड बाजू भिंतीला! हिशोब करा: २५ सेंमी खोल फळीच्या पुढच्या कडेला १० किलो ठेवले आणि ब्रॅकेटची उभी बाजू १० सेंमीची असेल, तर वरच्या स्क्रूंवर साधारण २५ किलोची ओढ येते. तीच बाजू २० सेंमी केली की ओढ निम्मी. जड वस्तू भिंतीला टेकून ठेवा, हलक्या पुढे.

फळी मधोमध वाकतेय? दोन ब्रॅकेटमधलं अंतर ६० सेंमीच्या आत आणा. पार्टिकल बोर्ड इथल्या दमट हवेत फुगतो. १८ मिमीचं आयएस ७१० प्लाय (पाण्याला टिकणारं ‘मरीन’ प्लाय) घ्या.

काचेच्या कडा उघड्या ठेवणं

९० बाय २५ सेंमीची ८ मिमी काच स्वतःच साडेचार किलोची असते, हे वजनात धरा. टफन (तापवून कडक केलेली) काच वरून दणकट असली तरी कडेवर लागलेली छोटी ठेच तिला पुरते. टफन केल्यावर ती कापता येत नाही, म्हणून काचवाल्याला माप देण्याआधी कपाट आतून तीन ठिकाणी मोजा. चारही शेल्फ पिनांवर रबर हवं. एका कोपऱ्यावर दाबल्यावर काच डुलली, तर एक पिन खाली आहे. कागदाची घडी घालून भागवू नका.

कंपनाकडे दुर्लक्ष

लोकलचा मार्ग, वरच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन, गणपतीतले ढोल: रोज थोडं थोडं करत वस्तू कडेकडे सरकतात. तळाला हरभऱ्याएवढ्या म्युझियम पुट्टीचे (वस्तू जागी धरून ठेवणारा, नंतर काढता येणारा चिकट लगदा) तीन ठिपके पुरतात. शाडू, कागद किंवा सोनेरी मुलाम्यावर ती लावू नका, तेलकट डाग पडतो. काच चिकटवायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन बंद कपाटात नको. त्याची वाफ पितळ काळवंडवते. न्यूट्रल सिलिकॉन मागा.

वस्तू मांडण्याआधी, ठेवणार त्याच्या दुप्पट वजनाच्या तांदळाच्या पिशव्या फळीवर २४ तास ठेवा. ब्रॅकेटच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलची रेघ मारा. दुसऱ्या दिवशी ब्रॅकेट रेघेखाली उतरला असेल किंवा वर फट दिसली, तर स्क्रू काढून बघा. गिट्टी जागच्या जागी फिरत असेल तर काडेपेटीच्या काड्या ठोकून ती घट्ट करू नका. भोक बुजवा आणि ५ सेंमी बाजूला नवं पाडा.