बाळंतपणाची रजा आणि नोकरी: या चुका टाळा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं एचआरचं काम केलं. "घरगुती कारणामुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे" असे कितीतरी अर्ज माझ्या टेबलावरून गेले. सही करणारी सहा-सात महिन्यांची गरोदर, आणि मजकूर आम्हीच टाइप केलेला.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगते. "आता राजीनामा द्या, बाळ मोठं झालं की परत घेऊ," या शब्दावर सही करू नका. प्रसूती रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढणं किंवा तिच्या तोट्याच्या अटी लादणं बेकायदेशीर आहे. पण राजीनामा दिला की ती संरक्षणाची भिंत तुम्ही स्वतःच पाडता. मग दबाव होता हे सिद्ध करत बसावं लागतं. कागद पुढे आला तर "घरी विचारून सांगते" म्हणा. सही होऊन गेली असेल, तर त्याच दिवशी ईमेल करून घडलेलं कळवा. काढूनच टाकलं, तर 60 दिवसांच्या आत दाद मागा.

दुसरी चूक म्हणजे तोंडी सांगणं. "सरांना माहीत आहे ना!" सर बदलतात, सर विसरतात. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे आठव्या महिन्यात पोरगी यवतमाळला निघून जाते आणि मागे कागद म्हणून काहीच राहत नाही. रजा कोणत्या तारखेपासून आणि पैसे कोणाला द्यायचे, हे लिहून द्या आणि पोच घ्या. हे राहून गेलं तरी घाबरू नका. प्रसूतीनंतरही नोटीस देता येते, उशिरामुळे हक्क बुडत नाही.

रजेचा हिशेबही बरेचदा चुकतो. पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे, त्यातले जास्तीत जास्त 8 प्रसूतीआधी. शेवटच्या दिवसापर्यंत काम केलं म्हणून एकूण रजा कमी होत नाही. आधीच दोन मुलं असतील तर 12 आठवडे. अट एकच: अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम. हे नियम 1961च्या प्रसूती लाभ कायद्यातले. 21 नोव्हेंबर 2025 पासून ते सामाजिक सुरक्षा संहिता या नव्या कायद्यात आले आहेत. "जुना कायदा संपला" असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

"मी तर कॉन्ट्रॅक्टवर आहे," असं म्हणून अर्जच न करणाऱ्या खूप. करारावरच्या बाईलाही हा लाभ आहे. करार संपल्यानंतरही तो पूर्ण मिळायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिल्लीतल्या एका डॉक्टरच्या प्रकरणात सांगितलं.

पगारपत्रक पाहायचंही राहून जातं. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, 0.75 टक्के कपात दिसत असेल, तर रजेचे पैसे कंपनीकडून नाही, ईएसआय महामंडळाकडून मिळतात. तिथे आधीच्या दोन अंशदान कालावधींत (एक कालावधी सहा महिन्यांचा) मिळून 70 दिवसांचं अंशदान, म्हणजे विम्याची वर्गणी, लागतं. दोन-दोन महिने एचआरशी भांडून मग ईएसआयच्या दारात गेलेल्या बायका मी पाहिल्यात.

गर्भपात झाला तरी सहा आठवडे पगारी रजा आहे. लाजेने किंवा दुःखाने बायका ती मागतच नाहीत. तसंच उभ्याने करायच्या कामाचं. प्रसूतीआधीचे सहा आठवडे सुरू होण्याच्या आधीच्या एका महिन्यात तुम्ही विनंती केली, तर बराच वेळ उभं राहायचं काम देता येत नाही, आणि हलकं काम दिलं म्हणून पगारही कापता येत नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या पॅकिंग लाइनवर आठ तास उभं राहणं काय असतं, हे नागपूरकराला सांगायला नको. पण विनंती केल्याशिवाय ते मिळत नाही.

परतल्यावर बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला रोज दोन विराम मिळतात, नेहमीच्या सुट्टीव्यतिरिक्त. 50 किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघराची सोयही हवी.

दाद मागायची तर अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाताना नियुक्तीपत्र, तीन-चार पगारपत्रकं, डॉक्टरांचा दाखला आणि पोचपावती न्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं असेल तर तेही छापून घ्या. मी टेबलाच्या त्या बाजूला बसायचे, तेव्हा आम्ही घाबरायचो ते त्या पोचपावतीलाच.