खाडीच्या वाऱ्यात धरलेले निप्पल

ऐरोलीत आमच्या सोसायटीचं पार्किंग खाडीच्या बाजूने उघडं आहे. माझी सायकल तिथे चार पावसाळे उभी राहिली. रबाळे एमआयडीसीत कामाला मी तिच्यावरूनच जाते. यंदा मागच्या चाकाला आउट आला, म्हणजे फिरताना रिम डावी-उजवीकडे डुलू लागली, म्हणून तारांचा पाना लावला, तर ३६ पैकी ११ निप्पल (तार रिमला आवळून धरणारे छोटे नट) हलेनात. पहिल्यावर जोर लावला तशी तार पिळली आणि कटकन तुटली. तिथेच थांबले. बाकीचं काम तीन दिवस पुरवून केलं, ते असं.

आधी निप्पल कशाचे आहेत ते बघा. टोकदार काहीतरी घेऊन जरासं खरवडा. मुलाम्याखाली पिवळं दिसलं तर पितळ. पांढरी भुकटी धरली असेल तर ॲल्युमिनियम. स्टीलची तार, ॲल्युमिनियमचा निप्पल आणि मध्ये खारट ओल अशी गाठ पडली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. असा निप्पल सुटला तरी परत लावू नका.

टायर, ट्यूब आणि रिमवरची पट्टी काढा. मग गंज सोडवणारं तेल दोन जागी सोडा: तार निप्पलमध्ये शिरते तिथे, आणि रिमच्या आतून निप्पलच्या डोक्यावर. रात्रभर राहू द्या, सकाळी परत तेल, परत रात्र. घाई केली की तार जाते. माझी गेलीच. ब्रेकचं रबर रिमवर घासत असेल तर ओघळलेलं तेल लगेच पुसा, नाहीतर ब्रेक लागणार नाही.

पाना निप्पलवर घट्ट बसणारा हवा. सैल पाना कोपरे खातो आणि मग धरायला काही उरत नाही. तारेवर मार्करने उभी रेघ मारा. पाना फिरवताना रेघ तिरकी झाली तर निप्पल फिरत नाही, तारच पिळते आहे. तेव्हा तार पकडीने धरा. आधी केसभर घट्ट करा, मग सोडा. धरलेले आटे असे लवकर मोकळे होतात. दिशेचा घोळ सगळ्यांचा होतो. टायरच्या बाजूने पाहिलं तर निप्पल साध्या स्क्रूसारखा, घड्याळाच्या दिशेने घट्ट होतो. त्याच्या डोक्यावर खाच असते, तिथे स्क्रूड्रायव्हर लावून दुसऱ्या हाताने पाना फिरवला की जोर दुप्पट मिळतो.

उरलेल्या १० पैकी ७ असे सुटले. तीन तारा कापाव्या लागल्या. कापण्याआधी आजूबाजूच्या तारा सैल करा आणि डोळ्यांवर चष्मा लावा, कारण ताणलेली तार कापली की तुकडा उडतो. फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकावर साखळी बसते ते दातेरी चक्र) बाजूची तार घालायला फ्रीव्हील काढावं लागतं. ते हत्यार माझ्याकडे नाही, म्हणून तेवढं दुकानात करून घेतलं. नवी तार घ्यायला जाताना त्याच बाजूची जुनी तार सोबत न्या, मागच्या चाकात दोन्ही बाजूंच्या तारांची लांबी सहसा वेगळी असते. निप्पल पितळीच मागा. आपल्या हवेत ॲल्युमिनियम नकोच.

आट्यांना जवसाचं तेल लावून बसवा. ते हळूहळू सुकून घट्ट होतं, पाणी आत जाऊ देत नाही आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी निप्पल सैल होऊ देत नाही.

आउट काढताना सायकल उलटी ठेवून रिम ब्रेकच्या रबराशी ताडून बघा. रिम उजवीकडे झुकली तर तिथली डावी तार पाव फेरा घट्ट आणि उजवी पाव फेरा सैल. एका वेळी पाव फेऱ्याच्या पुढे जाऊ नका. शेवटी तारा बोटाने छेडा. एकाच बाजूच्या तारांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. फ्रीव्हीलच्या बाजूचा सूर चढा लागतो, ते बरोबर आहे.

आता खंडेनवमीला सायकल धुऊन हार घालायच्या आधी ३६ निप्पलना एकेक थेंब तेल सोडते.