ट्रान्सफर घेताय? आधी तिथला शनिवार बघा

फेब्रुवारी लागला की अमेरिकेत बॅचलर्स करणाऱ्या आपल्या मुलामुलींचे मेसेज सुरू होतात. "ताई, इथे मन रमत नाही. दुसऱ्या कॉलेजात ट्रान्सफर घेऊ का? कुठे घेऊ?" सोबत रँकिंगची यादी जोडलेली असते. ती यादी मी आधी बाजूला ठेवायला सांगते. तुमची तक्रार शिकवण्याबद्दल नाहीये ना? वर्ग सुटल्यावर करायचं काय, जेवायचं कुणाबरोबर, हा प्रश्न आहे. मग कॉलेजही त्याच वेळेवरून पारखायचं.

त्याआधी नेमकं काय खुपतंय ते लिहून काढा. "सोशल लाइफ नाही" एवढं पुरत नाही. माझं पहिलं कॉलेज मिडवेस्टमधलं, लहानसं. शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला मळक्या कपड्यांच्या पिशव्या गाड्यांच्या डिकीत जायच्या आणि पार्किंग रिकामं व्हायचं. बहुतेक मुलं तास-दोन तासांवरची, शनिवार-रविवार आईकडे. डायनिंग हॉलमध्ये एकच काउंटर चालू, तिथे आम्ही परदेशी मुलं आणि दोन-चार खेळाडू. अशा कॉलेजांना तिकडे 'सूटकेस स्कूल' म्हणतात. माझ्या मैत्रिणीचं दुखणं बरोबर उलटं: तिच्याकडे गर्दी भरपूर, पण सगळी फ्रॅटर्निटी-सोरोरिटीच्या (निवडून सदस्य घेणाऱ्या मुलांच्या आणि मुलींच्या मंडळांच्या) घरांत, त्यात नसाल तर शनिवारी रात्री तुम्ही कुणीच नाही. आणि एक मावसभाऊ चाळीस हजारांच्या विद्यापीठात, तीनशे जणांच्या लेक्चरला बसून कुणाचं नावही माहीत नसलेला. आम्हा तिघांना एकच कॉलेज सुचवलं असतं तर निदान दोघांचं वाटोळं झालं असतं.

दुखणं कळलं की 'कॉमन डेटा सेट' उघडा, म्हणजे कॉलेजं स्वतःबद्दलचे आकडे ठरावीक नमुन्यात जाहीर करतात तो कागद. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द शोधले की बहुतेक ठिकाणची पीडीएफ सापडते. लोक प्रवेशाचे आकडे बघून ती बंद करतात. तुम्ही थेट 'एफ' विभागात जा. किती टक्के मुलं कॉलेजच्या वसतिगृहात राहतात, किती बाहेर किंवा घरून येऊन-जाऊन करतात, किती दुसऱ्या राज्यांतली आहेत, फ्रॅटर्निटी-सोरोरिटीत किती, सगळं तिथे असतं. वसतिगृहाचा आकडा पहिल्या वर्षाचा आणि एकूण असा वेगवेगळा दिलेला असतो. पहिल्या वर्षाला नव्वदच्या पुढे आणि एकूण तिसाच्या आसपास असेल तर समजा, तुम्ही पोचाल तेव्हा तुमच्या वयाची मुलं केव्हाच बाहेर फ्लॅट घेऊन बसलेली असतील. हे वाईटच असं नाही. पर्ड्यूचं वेस्ट लाफायेट किंवा पेन स्टेटचं स्टेट कॉलेज ही गावंच विद्यार्थ्यांची, बाहेर राहिलं तरी माणसात राहता. घरून येणाऱ्यांचं शहरी कॉलेज असेल तर मात्र संध्याकाळी सहाला सगळं सामसूम.

त्याच कागदात 'डी' विभाग ट्रान्सफरचा. दरवर्षी किती घेतात ते बघा. हार्वर्डसारखी कॉलेजं जेमतेम मूठभर घेतात. यूएससी (लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) हजाराच्या वर घेते. जिथे ट्रान्सफर भरपूर, तिथे तुमच्यासारखीच नवखी, मैत्री शोधणारी मुलं भरपूर. मला हे रँकिंगपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मग जमेल तर प्रत्यक्ष जा, पण कॉलेजने आखलेल्या टूरच्या दिवशी नव्हे. मॅच नसलेला, परीक्षा नसलेला साधा शनिवार निवडा. अ‍ॅन आर्बरला फुटबॉलच्या दिवशी लाखाहून जास्त माणूस स्टेडियममध्ये असतं. त्या दिवशी कुठलंही कॉलेज गोकुळ वाटेल. रात्री आठला डायनिंग हॉल, लायब्ररीचा तळमजला, वसतिगृहाची कॉमन रूम बघा. दारं उघडी आहेत का, लोक टेबलांवर रेंगाळतात का? जाणं परवडत नसेल तर तिथल्या ट्रान्सफर होऊन आलेल्या कुणाला तरी व्हिडिओ कॉल करा आणि एकच विचारा: "गेल्या शनिवारी काय केलंस?" "इथे सोशल लाइफ कसं आहे?" असं विचारलंत तर सगळे "छान" म्हणतात.

आपली माणसं किती आहेत हे बघताना जरा जपून. "तिथे पुष्कळ देसी आहेत" यावर भुलू नका. बऱ्याच ठिकाणी इंडियन स्टुडंट असोसिएशन मास्टर्सच्या मुलांच्या हातात असते: वयाने मोठी, नोकरीच्या चिंतेत, चार जण मिळून भाड्याने राहणारी. दिवाळीला जेवण उत्तम मिळतं, पण एकोणीस वर्षांच्या पोरीला तिथे रोजची सोबत मिळेलच असं नाही. दुसरीकडे तिथेच जन्मलेल्या देसी मुलांचे गरबा-रास, भांगड्याचे संघ असतात. तिथे ऑडिशन द्यावी लागते. ऑडिशनचं म्हणाल तर बिझनेस आणि कन्सल्टिंगच्या क्लबांतसुद्धा अर्ज, मुलाखती, नकार असं सगळं असतं. तिसऱ्या वर्षाला येणाऱ्यांना घेतात का, हे आधी विचारा. मला स्वतःला तारलं ते कुणालाही घेणाऱ्या रोइंगच्या क्लबने. पहाटे साडेपाचला बोट उचलायला आठ जण लागतात, त्यामुळे तुम्ही आला नाहीत तर कुणीतरी फोन करतंच.

राहण्याची सोय लेखी विचारा. पहिल्या वर्षाला हमखास वसतिगृह देणारी कॉलेजं ट्रान्सफरला "जागा उरली तर" म्हणतात. एकटीचा स्टुडिओ घेऊन राहायचं असेल तर ट्रान्सफरचा खटाटोप कशाला?

आता रुक्ष भाग. बऱ्याच खासगी कॉलेजांची फॉलसाठीची (ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या सत्राची) मुदत १ मार्चच्या आसपास असते, म्हणजे प्राध्यापकांची शिफारसपत्रं जानेवारीतच मागा. कॅलिफोर्नियाच्या यूसींचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या सरकारी विद्यापीठांचा) अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच भरावा लागतो आणि त्यांचा ओढा तिथल्या कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या) मुलांकडे असतो. दुसऱ्या राज्यातून थेट यूसीची आशा फार धरू नका. निबंधात सध्याच्या कॉलेजला नावं ठेवू नका. तिथे नसलेला कोर्स, लॅब, विषयांची जोडी यावर लिहा. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात आणि त्यातली निम्मी आपल्याकडेच करा असं अनेक विद्यापीठं सांगतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षानंतर हा विचार सोडा. बाबांशी बोलण्याआधी स्कॉलरशिपचं तपासा: पहिल्या वर्षाला मिळणाऱ्या बऱ्याच स्कॉलरशिप ट्रान्सफरला मिळत नाहीत, परदेशी मुलांना तर फारच कमी.

एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांनी प्रवेश हातात आल्याशिवाय काही हलवायचं नाही. आला की आपल्या डीएसओला, म्हणजे कॉलेजमधल्या परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला भेटा. ते सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतली) नोंद नव्या कॉलेजकडे पाठवायची तारीख ठरवतात आणि मग नवं कॉलेज आय-२० (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला) देतं. नियम बदलत राहतात, मागच्या वर्षीच्या सीनियरचं ऐकून चालू नका. आणि कॅन्टीनमध्ये किंवा लायब्ररीत काम करत असाल तर ती तारीख शेवटच्या शिफ्टनंतरची मागून घ्या, कारण ती उलटली की जुन्या कॉलेजात काम करता येत नाही.